मायाप्पा बसत नाही

"आणि बस म्हटल्यावरही माणूस बसत नसेल, तर बाबा, त्याचं करायचं काय?"

दस्तगीरबाबांनी हातातली चिंच फोडली. चिंचोका डावीकडं टाकला, गर उजवीकडच्या परातीत टाकला, आणि पुढची चिंच उचलली.

"कोण बसत नाही?"

"हा." शिरंबळ संस्थानचे राजे रणधीरराव यांनी मागं बोट दाखवलं.

मागं चैत्राच्या उन्हात एक पन्नाशीचा माणूस उभा होता. अंगानं काटक, दाढी वाढलेली, हात पुढं बांधलेले. हाताच्या दोरीचं दुसरं टोक तात्याबा हुजऱ्याच्या मुठीत होतं. तात्याबाच्या काखेत राजांची छोटी गादीही होती. राजे जिथं जातील तिथं ती जायची. दोन्ही सांभाळताना बिचाऱ्याची तारांबळ चालली होती.

"नाव?" बाबांनी विचारलं.

"मायाप्पा. खडकवस्तीचा."

"गुन्हा?"

"सांगितलं ना, बाबा. बसत नाही."

बाबा फकीर होते. नदीच्या घाटावर, वरच्या अंगाला, एका चिंचेखाली त्यांची झोपडी होती. झोपडीला ओटा, ओट्यापुढं अंगण, अंगणापुढं पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. मोठमोठी माणसं तिथं अडचणी घेऊन येत. बाबा बहुतेकांना काही सांगत नसत. तरी माणसं येत.

"कैदेत किती दिवस झाले?"

"तेरा."

"कोठडीत बसतो का?"

राजे गोंधळले. हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"बसतोय की जी," तात्याबा हळूच म्हणाला. "जेवताना चांगली मांडी ठोकून बसतोय."

"मग बसता येतं त्याला," बाबा म्हणाले आणि पुन्हा चिंचांकडं वळले.

राजांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं होतं, आपण नुसतं सांगायचा अवकाश, बाबा उठून त्या हट्टी माणसाला चार शब्द सुनावतील. संस्थानात एवढी मोठी गोष्ट घडवून आणलेला राजा दारात आला होता. निदान कौतुकाचा एक शब्द तरी…

गोष्ट मोठी होती, यात शंका नाही.

राजांच्या पणजोबांनी शिरंबळच्या दरबाराची बैठक लावून दिली होती. गादीवर राजे. त्यांच्या दोन्ही अंगांना लोडाला टेकून बसणारे सरदार. त्यांच्यापुढं बिनलोडाचे, नुसत्या जाजमावरचे मानकरी. मग सतरंजीवाले, मग घोंगडीवाले, मग उघड्या फरशीवरचे. आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं अंगण. तिथल्यांना बसायला काही नव्हतं, कारण त्यांनी बसायचंच नव्हतं.

चार पिढ्या हे चाललं. जाजमावरचा माणूस सतरंजीवाल्याच्या घरी पोरगी देत नसे. लग्नाच्या पंगतीत, पाणवठ्यावर, इतकंच काय, मसणवटीतसुद्धा तोच क्रम. एकदा दोन भाऊबंदांत वीतभर जाजमावरून डोकी फुटली होती.

रणधीरराव लहानपणीच शिकायला परमुलखात गेले, ते वडील वारल्यावर परत आले. आल्यावर हे सगळं पाहून त्यांना मनापासून लाज वाटली. माणूस सरळ होता. तीन वर्षं विचार केला आणि यंदाच्या पाडव्याला दरबारात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाजम अंथरलं. लोड कोठीत टाकून कुलूप लावलं. आणि हुकूम काढला, की दरबारात येणारा प्रत्येक माणूस याच जाजमावर बसेल. जो बसणार नाही तो शिक्षेस पात्र होईल.

समतेच्या हुकमाला शिक्षेचं शेपूट होतं. राजांना ते दिसलं नाही. हुकूम असाच लिहायचा असतो, असं त्यांना वाटत होतं.

माणसं आली, बसली. कुणी अंग चोरून, कुणी कडेकडेनं, पण बसली. राजांचे डोळे भरून आले. आणि मग त्यांना अंगणात उभा असलेला मायाप्पा दिसला.

"ये, बस," राजे म्हणाले.

"हितं बरं हाय, सरकार."

पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा राजे स्वतः गादीवरून उठून दारापर्यंत गेले. मायाप्पानं वाकून मुजरा केला, पण तो बसला नाही. चौथ्यांदा राजांचा आवाज चढला, आणि कारभारी नरहरपंत कानाशी येऊन म्हणाले, "हुकूम मोडला, सरकार. सगळे बघताहेत."

असा मायाप्पा कोठडीत गेला.

"उद्या हनुमान जयंतीचा दरबार आहे," राजे बाबांना म्हणाले. "पंत म्हणतात, भर दरबारात पंचवीस फटके मारू, आपोआप बसेल. बाबा, मी आजवर कुणावर चाबूक उगारलेला नाही. पहिला उगारायचा, तो यासाठी?"

"मग सोडून द्या."

"सोडला तर हुकूम म्हणजे पोरखेळ झाला. परवा लोड कोठीतून बाहेर येतील. माझे चुलते त्याचीच वाट बघत बसलेत." राजांचा आवाज खाली आला. "तुमचा शब्द तो मोडणार नाही. एकदा त्याला सांगा, बस. एवढंच मागतो."

बाबांनी मान वर केली. राजांकडं नीट पाहिलं.

"बसा," ते म्हणाले.

"मला नाही, बाबा. त्याला."

"तुम्ही तरी बसा आधी."

तात्याबानं लगबगीनं ओट्यावर गादी टाकली. राजे बसले. तात्याबा मागं सरत ओट्यावरून उतरला आणि खाली अंगणात उकिडवा बसला. मायाप्पा उभाच होता.

चिंचा फुटत राहिल्या.

"गादी लागते का तुम्हाला?" बाबांनी सहज विचारलं.

राजांना ते झोंबलं. "मुळीच नाही," ते म्हणाले. उठले, ओट्यावरून उतरले आणि अंगणातल्या मातीत मांडी घालून बसले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांची त्यांनी पर्वा केली नाही. बाबांनी ते बघावं, असं मात्र त्यांना वाटत होतं.

तात्याबाची पंचाईत झाली. सरकार मातीत बसलेले, आणि आपणही मातीत! तो गादी उचलून चटकन उठला आणि घाटाच्या पहिल्या पायरीवर उतरून बसला. दोरी ताणली गेली. मायाप्पा दोन पावलं पुढं आला.

बाबांचे हात चिंचेनं चिकट झाले होते. ते परात तिथंच ठेवून उठले, आणि हात धुवायला पायऱ्या उतरू लागले. राजेही मागोमाग निघाले. बाबा मधल्या एका पायरीवर टेकले. राजे त्यांच्या शेजारी बसले.

तात्याबा आणखी चार पायऱ्या खाली गेला. दोरी पुरेना, म्हणून त्यानं ती सोडून दिली.

"ही पलीकडची काळी जमीन कुणाची?" बाबांनी नदीकडं बघत विचारलं.

"पंतांची. त्यापुढची माझ्या थोरल्या चुलत्यांची. मग शिंदे सरदारांची."

"कुणी दिली त्यांना?"

"पणजोबांनी. इनाम."

"कशावरून दिली?"

उत्तर राजांना ठाऊक होतं, पण ते आजवर कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"दरबारात जो जिथं बसायचा… त्यावरून," ते म्हणाले. "लोडवाल्यांना नदीकाठ. जाजमावरच्यांना विहिरीखालची. सतरंजी, घोंगडी, तसंतसं वर माळाकडं."

"आणि अंगणातल्यांना?"

"खडकवस्ती."

"तिथं काय पिकतं?"

"काही नाही," राजे म्हणाले. "दगड आहेत."

बाबा आणखी खाली उतरले, पाण्याला लागून असलेल्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. चैत्रातही डोहात पाणी होतं. राजेही खाली येऊन बसले. त्यांनी जोडे काढले. पाणी गार होतं, बरं वाटलं.

"पाडव्याला जाजम अंथरलंत," बाबा म्हणाले. "केवढं होतं?"

"साठ हात."

"संध्याकाळी गुंडाळून ठेवलं असेल."

"हो…"

"आणि माणसं घरी गेली."

"हो."

"कुठं?"

राजे पाण्याकडं बघत राहिले. आपल्या साठ हात जाजमाचा त्यांना तेरा दिवस अभिमान वाटत होता. तो आता कुठंतरी सुटू लागला होता, आणि ते त्यांना अजिबात आवडत नव्हतं.

तेवढ्यात वरून हसू आलं.

मायाप्पा हसत होता. अंगणाच्या कडेला, बांधलेले हात तोंडाशी धरून, खांदे हलवत. तेरा दिवसांत त्याला कुणी हसताना बघितलं नव्हतं.

"काय झालं हसायला?" राजे ताडकन म्हणाले.

"माफी असावी, सरकार. पर तुमी आनि एक पायरी उतारलासा, तर तात्याबा बुडतोय."

राजांनी वळून पाहिलं. तात्याबा डोहात होता. छातीइतक्या पाण्यात, काकडत, राजांची गादी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.

"अरे, तिथं काय करतोस?"

"सरकार खाली बसल्यालं… मी वर कसा बसू?"

"वर ये! इथं माझ्या शेजारी बस."

"नको, सरकार."

"बस म्हणतो ना! माझा हुकूम आहे."

तात्याबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मारा वाटलं तर, पर शेजारी बसवू नका, सरकार. माझ्या बापजाद्यांत कुनी…"

वय साठीचं, वाड्यात उभी हयात गेलेली. राजांना त्याची कीव आली, आणि स्वतःचा रागही आला.

"याला किती दिवस कोठडीत घालणार?" बाबांनी विचारलं.

राजांनी पाण्यातून पाय वर घेतले.

"आणि राजे, तुमचा कैदी मोकळा आहे. बराच वेळ झाला."

खरंच. दोरीचं टोक अंगणात धुळीत पडलं होतं. मागं खडकवस्तीची वाट मोकळी होती. मायाप्पा जागचा हलला नव्हता.

राजे उठले. एकेक पायरी चढत वर आले आणि मायाप्पासमोर थांबले. तेरा दिवसांत त्यांनी या माणसाला बस म्हटलं होतं, दरडावलं होतं, समजावलंही होतं. आता पहिल्यांदा त्यांनी नुसतं विचारलं.

"पळाला का नाहीस?"

"पळून कसं चालंल, सरकार? माझं काम ऱ्हायलंय."

"कसलं काम?"

मायाप्पानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू राजे थट्टा करताहेत. मग त्याच्या लक्षात आलं, की राजांना खरंच ठाऊक नाही. या तीन वर्षांत पंतांनी एकही अर्जदार त्यांच्यापुढं येऊ दिला नव्हता.

"मी अर्जदार हाय, सरकार," तो सावकाश म्हणाला. "पाडव्याला अर्ज घेऊन आलतो. अर्जदारानं हुबं ऱ्हायाचं. राजांनी, अर्ज काय, असं इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. आनि बसायचं तर न्हाईच न्हाई."

"बसला तर?"

"बसला की अर्ज मागं घेतला, असं धरत्यात. मग दप्तरात तसं लिवत्यात. पुन्यांदा त्यो अर्ज त्या घरातनं बारा वरसं करता येत न्हाई."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? तुमच्याच वाड्यातला रिवाज हाय. माझा बा असाच आलता, थोरल्या सरकारांच्या वक्ताला. सकाळपासनं दुपारपातूर उनात हुबा व्हता. भवळ आली, खाली बसला. पंतांचे वडील व्हते तवा कारभारी. त्यांनी लिवलं, अर्जदारानं अर्ज मागं घेतला." मायाप्पा थांबला. "बा घरी आला, त्यो मरस्तवर कुनाम्होरं बसला न्हाई. भाकरी बी हुब्यानं खायाचा."

डोहातून तात्याबा वर आला होता. अंगावरून पाणी निथळत होतं. राजे त्याच्याकडं वळले.

"तात्याबा, हे खरं आहे?"

"खरं हाय, सरकार. समद्यांस्नी ठावं हाय."

"पंतांना?"

तात्याबानं मान खाली घातली.

"पंतांना ठाऊक होतं का?"

"त्यांची जमीन नदीकाठची हाय, सरकार…" एवढंच तो म्हणाला.

राजांना पाडव्याचा दरबार आठवला. ते चार वेळा बस म्हणाले होते. चार वेळा, भरल्या डोळ्यांनी, या माणसाला अर्ज मागं घे म्हणाले होते. आणि साठ हात जाजमावर बसलेली सगळी माणसं ते ऐकत, समजत, मूग गिळून गप्प होती. शरमेनं त्यांचे कान तापले. एवढी शरम त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

त्यांनी मायाप्पाचे हात हातात घेतले आणि दोरी सोडू लागले. गाठ पक्की होती. पहारेकऱ्यानं मारलेली गाठ राजाच्या बोटांना सुटेना. नखं दुखली. तात्याबा मदतीला पुढं झाला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी गाठ सुटली.

मनगटांवर वळ उठले होते. राजांनी ते पाहिले.

"अर्ज काय?" त्यांनी विचारलं.

अर्ज मायाप्पानं किती वर्षं पाठ केला होता कोण जाणे. पण आता तो अगदी साध्या आवाजात बोलला.

"नदीकाठ पुन्यांदा वाटा, सरकार. खडकवस्तीत सत्तर उंबरं हायती. पानी हाय म्हनायला ही नदी, पर काठ समदा दुसऱ्याचा. आमच्या बाया बांधावर घागर घेऊन हुब्या ऱ्हात्यात, कोन वतंल तवा वतंल. आमाला जाजमावर बसवा, न्हाईतर बसवू नगा, तुमची मर्जी. पर कसायला जमीन द्या. काठाची."

राजांनी नदीपलीकडं पाहिलं. पंतांची जमीन. चुलत्यांची. शिंदे सरदारांची. त्याच्या अलीकडं त्यांची स्वतःची आमराई. जाजम अंथरलं तेव्हा ही सगळी मंडळी हसत हसत येऊन बसली होती. आता त्यांना कळलं, ती का हसत होती.

"मायाप्पा," ते म्हणाले, "यात हात घातला तर अख्खा दरबार माझ्यावर उलटेल. माझं घरसुद्धा."

"व्हय, सरकार."

"गादी राहील की नाही, सांगता येत नाही."

"व्हय."

त्यानं आग्रह केला नाही, की दुसरं काही मागितलं नाही. नुसता उभा राहिला.

"जा, घरी जा तू," राजे म्हणाले. "बायको वाट बघत असेल. तुझी शिक्षा मी रद्द केली."

"आनि अर्ज?"

"ऐकला."

"ऐकला म्हंजी, सरकार?"

उद्याचा दरबार राजांच्या डोळ्यांपुढं आला. पंतांचा कानाशी येणारा आवाज, चुलत्यांच्या मिशांतलं हसू. ऊन माथ्यावर आलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मायाप्पाच्या बापाला आली होती तशी भोवळ आली.

खाली दस्तगीरबाबा अजून पाण्यात पाय सोडून बसले होते. शेजारी सावलीत पायरी मोकळी होती. राजे तिथवर कसेबसे उतरले. पायरीवर हात टेकला, गुडघे वाकले…

बाबांनी मान वळवली नाही.

"राजे," ते म्हणाले, "तुम्ही आता बसू नका."